ठाणे जिल्ह्यातील छोट्या शेळीपालनात जातीची निवड आणि संकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतील दहा ते चाळीस शेळ्यांचा कळप असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहेत. ठाणे किंवा नवी मुंबईत नोकरी करून गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीवर शेळ्या पाळू पाहणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील. येथे मांसासाठी पाळलेल्या कळपाचाच विचार केला आहे. दुधाचे उत्पन्न करडांच्या वाढीपुरतेच महत्त्वाचे मानले आहे.

मांसासाठी लहान कळप पाळायचा तर गोवंशाऐवजी शेळीच का?

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गाईंच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. त्यामुळे परदेशी पुस्तकांत मांसल गोवंशाच्या जाती आणि त्यांच्या संकराविषयी जे लिहिलेले असते, ते या राज्यात त्या जनावरावर वापरता येत नाही. त्यामागचे प्रजननशास्त्र मात्र शेळीलाही तेवढेच लागू पडते आणि शेळीची पिढी लवकर बदलत असल्याने त्याचे फळही लवकर दिसते. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, एका वेतात अनेकदा जुळी करडे आणि विक्रीयोग्य जनावर वर्षाच्या आत, हे गणित लहान भांडवलाला झेपणारे आहे.

सुरुवात कोणत्या जातीने करावी?

हा प्रश्न बहुतेक जण बोकडाचे फोटो पाहून विचारतात. खरे म्हणजे तो आपल्या गोठ्याकडे आणि जुलैच्या पावसाकडे पाहून विचारायला हवा. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शेळी मुळात कोरड्या हवेत रमणारी आहे. ओली जमीन, दमट हवा आणि चिखल यांतून खुरकुज, फुप्फुसाचे आजार आणि पोटातील जंत हे तीन शत्रू उभे राहतात. म्हणून जात निवडताना ती जास्तीत जास्त किती वजन भरते यापेक्षा पावसाळ्यात ती किती वजन गमावते आणि तिची किती करडे मरतात, हे आधी विचारावे.

महाराष्ट्रात शेळीच्या चार नोंदणीकृत जाती आहेत. मराठवाड्यातील उस्मानाबादी, अहिल्यानगर, नाशिक आणि पुणे पट्ट्यातील संगमनेरी, विदर्भातील बेरारी आणि सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ. यांपैकी पावसाच्या दृष्टीने आपल्याला सर्वांत जवळची कोकण कन्याळ होय. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे. काळ्या तोंडावरील पांढरे पट्टे आणि लांब, चपटे, कडेला पांढरे असलेले कान यांवरून ती ओळखू येते. अडचण अशी की सिंधुदुर्गाबाहेर शुद्ध कन्याळ माद्या संख्येने मिळणे सोपे नाही, आणि बाजारात पट्ट्याचे तोंड दाखवून कोणतीही शेळी कन्याळ म्हणून विकली जाते.

उस्मानाबादी सहज मिळते, बहुतांशी काळी असते आणि पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन साधारण ३० ते ३५ किलो भरते. चांगल्या खुराकावर तिला जुळी होण्याचे प्रमाण चांगले असते आणि दोन वर्षांत तीन वेते घेता येतात. संगमनेरी अंगाने मध्यम, बहुतांशी पांढरी आणि दुधाला बरी असते. बेरारीचा विचार ठाण्यात करण्याचे विशेष कारण दिसत नाही.

आमचे मत असे: ज्यांच्याकडे जमिनीपासून उंच, फळ्यांचा माचाण असलेला गोठा आहे त्यांनी उस्मानाबादी माद्यांनी सुरुवात करावी. ज्यांचा गोठा कुडाचा आणि जमीन मातीची आहे त्यांनी आधी गावातीलच शेळ्या घ्याव्यात, गोठा सुधारावा आणि जातीचा विचार एका पावसाळ्यानंतर करावा.

गावठी शेळी म्हणजे कमी प्रतीची शेळी, असे समजावे का?

तसे समजू नये. मुरबाड आणि शहापूरच्या वाड्या-पाड्यांवर कातकरी, ठाकर आणि कुणबी कुटुंबांकडे ज्या लहान चणीच्या शेळ्या दिसतात, त्या कोणत्याही नोंदणीकृत जातीत बसत नाहीत. तरीही कित्येक पिढ्यांचा पाऊस आणि फारसे औषधपाणी नसलेले आयुष्य यांतून त्या निवडून निघालेल्या आहेत. याच पट्ट्यातील डांगी गोवंश अतिवृष्टीच्या डोंगराळ भागात टिकतो म्हणून नावाजलेला आहे, आणि तो गुण एखाद्या योजनेतून आला नसून हवामानाने केलेल्या निवडीतून आला आहे. गावठी शेळीचे तेच सामर्थ्य आहे. तिचे वजन कमी भरते, पण ते तिच्या करडांत बोकडाच्या बाजूने सुधारता येते. तिची काटकता मात्र एकदा कळपातून गेली की विकत आणता येत नाही.

जमनापारी, सिरोही, सोजत, बीटल या मोठ्या जाती आणल्या तर नफा वाढणार नाही का?

या सर्व जाती त्यांच्या मुलखात उत्तम आहेत. सिरोही आणि सोजत राजस्थानच्या, जमनापारी यमुना-चंबळच्या खोऱ्यातील इटावा भागातील, तर बीटल पंजाबची. यांतील बहुतेक जातींना मोकळा झाडपाला आणि कोरडी हवा मानवते. एप्रिलमध्ये ट्रकने आलेली सिरोही शेळी मे महिन्यात देखणी दिसते आणि ऑगस्टमध्ये खोकू लागते, हा अनुभव या भागातील अनेकांनी घेतला आहे. याखेरीज जमनापारीसारख्या जातीत एकेकटे करडू होण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणजे आईचा वर्षभराचा चारा एकाच करडाच्या माथी पडतो.

माद्या म्हणून या जाती घेऊ नयेत, असे आम्ही स्पष्ट सुचवतो. बोकड म्हणून सिरोहीचा विचार करता येतो, पण तो पुढे सांगितलेल्या अंतिम संकराच्या मर्यादेतच करावा. बारबरी ही उत्तर प्रदेशातील लहान जात बंदिस्त संगोपनाला चांगली मानली जाते. जागा अगदीच कमी असेल तर तिचा विचार होऊ शकतो, मात्र मुंबईच्या आसपासच्या खाटिकाला लहान चणीचे जनावर घेताना भाव पाडण्याची सवय आहे.

बोअर बोकडाविषयी खूप ऐकतो. तो आणावा का?

बोअर ही दक्षिण आफ्रिकेत मांसासाठीच घडवलेली जात आहे. पांढरे अंग आणि तांबडे डोके ही तिची ओळख. पूर्ण वाढलेला बोअर बोकड ९० किलोच्या पुढे जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात या जातीचे गोठवलेले भ्रूण परदेशातून आणले आणि महाराष्ट्रात बोअरचा प्रसार मुख्यत्वे तेथून सुरू झाला.

बोअरचा उपयोग आहे, परंतु तीन अटींवर. पहिली अट मादीच्या आकाराची. वीस-बावीस किलोच्या गावठी शेळीवर शुद्ध बोअर बोकड सोडला तर करडू मोठे होऊन वीण अडण्याचा धोका वाढतो, विशेषतः पहिलारू शेळीत. अशा कळपात बोअर-उस्मानाबादी संकरित, म्हणजे अर्धे रक्त असलेला बोकड वापरणे अधिक सुरक्षित असते, जरी त्याची करडे एकसारखी निघत नाहीत. दुसरी अट खुराकाची. बोअर संकराचे करडू वाढते ते त्याला खायला मिळाले तरच. केवळ झाडपाला आणि भाताचा पेंढा यांवर ते उस्मानाबादीपेक्षा फार पुढे जात नाही, आणि पेंढा तर शेळी मनापासून खातही नाही. तिसरी अट रक्ताच्या प्रमाणाची. पन्नास टक्क्यांवर थांबावे. बोअरच्या संकरित पाठीला (तरुण मादीला) पुन्हा बोअरच लावून पंचाहत्तर टक्के करण्याचा मोह होतो, कारण फोटो छान येतो. पण त्याबरोबर स्थानिक रक्ताची काटकता निम्म्याने घटते आणि जंतांचा, पायांचा व औषधांचा खर्च वाढू लागतो.

संकरातून नेमके काय मिळते?

दोन गोष्टी मिळतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली म्हणजे दोन जातींच्या गुणांची बेरीज: एकीची काटकता, दुसरीचे वजन. दुसरी म्हणजे संकरजोम, ज्यामुळे करडू आईवडिलांच्या जातींच्या सरासरीपेक्षा काही गुणांत सरस निघते. संकरजोम सर्व गुणांत सारखा येत नाही. करडांचे जगणे, शेळीची गाभण राहण्याची क्षमता, तिचे दीर्घायुष्य अशा गुणांत तो सर्वाधिक दिसतो. वाढीच्या वेगात तो मध्यम असतो आणि मांसाच्या प्रतीत जवळजवळ नसतोच. अनुवंशिकतेचे चित्र नेमके उलटे आहे. वजन आणि बांधा निवडीने सुधारतात, तर जगण्याची चिवट क्षमता निवडीने फार सावकाश सुधारते.

यावरून निघणारा निष्कर्ष छोट्या पालकाच्या सोयीचा आहे. वजनासाठी चांगला बोकड निवडावा. जगण्यासाठी संकरित आई मिळाली तर उत्तम, कारण संकरजोमाचा मोठा वाटा आईच्या अंगी असतो.

पहिल्या पिढीत संकरजोम पूर्ण असतो. त्या पिढीतील नर-मादी आपापसांत लावले तर पुढच्या पिढीत तो निम्म्यावर येतो. संकरित पाठीला मूळ दोन जातींपैकी एकीचा शुद्ध बोकड लावला तरी तो निम्माच उरतो. दोन जातींचे बोकड आलटून पालटून पिढ्यान्पिढ्या वापरत राहिल्यास तो दीर्घकाळात सुमारे ६७ टक्क्यांवर स्थिरावतो. संकरित बोकडच पुढे पैदाशीला ठेवण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच तोट्याची आहे: दिसायला संकर सुरू असतो, पण त्याचा जोम निम्म्यावर येतो आणि लहान कळपात नात्यातील संकराने आणखी विरत जातो.

मग छोट्या कळपाने कोणती संकर पद्धत पाळावी?

कळपाच्या आकारावर हे ठरते. पुस्तकी पद्धती मोठ्या कळपांसाठी आखलेल्या असतात. बारा शेळ्यांच्या कळपात दोन जातींचे दोन बोकड बाळगणे म्हणजे दोन रिकामटेकड्या पाहुण्यांना वर्षभर जेवू घालणे आहे. एक प्रौढ बोकड वीस ते पंचवीस माद्यांना पुरतो, हे प्रमाण लक्षात ठेवून पुढील विचार करावा.

बारापर्यंत माद्या असतील तर एकच शुद्ध जातीचा बोकड ठेवावा आणि ठराविक काळाने बदलावा. माद्या गावठी असतील तर पहिला बोकड उस्मानाबादी घ्यावा. त्याच्या मुलींवर दुसऱ्या वेळी कोकण कन्याळ बोकड आणता आला तर फार चांगले, न आल्यास असंबंधित उस्मानाबादीच आणावा. अशा रीतीने बोकडाची जात क्रमाने बदलत गेल्यास दोन बोकड न पाळताही संकरजोमाचा बराच भाग टिकतो. कळपात एकाच वेळी वेगवेगळ्या पिढ्यांच्या माद्या असल्याने हिशेब पुस्तकाइतका काटेकोर राहत नाही, पण या आकाराच्या कळपाला तेवढी ढिलाई परवडते.

वीस ते तीस माद्या असतील तर कळपाचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. समजा चोवीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्यांतील उत्तम बारा शेळ्यांना उस्मानाबादी बोकड लावावा आणि त्यांच्या मुलींतून कळपाची भरपाई करावी. उरलेल्या बारांना बोअर किंवा सिरोही बोकड लावावा आणि त्यांची सर्व करडे, नर असोत वा मादी, विकून टाकावीत. यालाच अंतिम संकर म्हणतात, कारण त्या करडांपुढे वंश चालवायचा नसतो. दरवर्षी कळपातील साधारण पाचवा हिस्सा माद्या वय, भाकडपणा किंवा आजार यांमुळे काढाव्या लागतात, म्हणजे आपल्या उदाहरणात पाच. बारा उत्तम शेळ्यांकडून वर्षाला पंधरा-सोळा करडे जगली तर त्यांत सात-आठ पाठी असतील आणि त्यांतून पाच निवडता येतील. ही निवड फार कडक नाही, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच पहिल्या गटातील शेळ्यांची संख्या बारापेक्षा खाली आणू नये, मग बोअरच्या करडांना कितीही भाव असो.

या पद्धतीत सर्वांत मोठी चूक घडते ती मोहामुळे. अंतिम संकरातील एखादी पाठ इतकी देखणी निघते की ती ठेवून घ्यावीशी वाटते. ती ठेवली की तिच्यासाठी वेगळा बोकड शोधावा लागतो, पुढे तिच्या मुली येतात, आणि तीन वर्षांत कळपात कोणाच्या अंगात किती कोणते रक्त आहे हे मालकालाही सांगता येत नाही.

तीसच्या पुढे माद्या असतील तर आलटून पालटून संकर करणे शक्य होते. उस्मानाबादी बोकडाच्या मुलींना कन्याळ बोकड आणि कन्याळ बोकडाच्या मुलींना उस्मानाबादी बोकड, असा साधा नियम पाळावा लागतो. त्यासाठी वडिलांच्या जातीनुसार पाठींच्या कानाला वेगवेगळ्या रंगाचे बिल्ले लावावेत. मजूर बदलला तरी रंग बदलत नाही.

बोकड किती काळ ठेवावा? नात्यातील संकराने खरोखर नुकसान होते का?

होते, आणि ते हळूहळू होत असल्याने लक्षात येत नाही. बाप-मुलीच्या जोडीतून जन्मणाऱ्या करडात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते, तर सावत्र भावंडांच्या किंवा आजोबा-नातीच्या जोडीत साडेबारा टक्के. त्याचा फटका प्रथम जन्मवजनाला, करडांच्या जगण्याला आणि गाभण राहण्याला बसतो. म्हणजे संकराने जे गुण कमावले जातात तेच येथे गमावले जातात.

बोकड कधी बदलायचा याचे उत्तर त्याच्या मुलींच्या वयात आहे. बोकड लागल्यापासून पाच महिन्यांनी करडे जन्मतात आणि चांगल्या खुराकावरील पाठ नऊ-दहा महिन्यांत, प्रौढ वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर पोहोचली की फळवण्याजोगी होते. याचा अर्थ बोकड आल्यापासून सुमारे सव्वा वर्षाने त्याच्या मुली माजावर येऊ लागतात. दीड वर्षाच्या आत बोकड हलवला पाहिजे किंवा पाठी वेगळ्या बांधल्या पाहिजेत.

दर दीड वर्षाने नवा बोकड घेणे महाग वाटते. त्यावर आम्हांला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे शेजारच्या तीन पालकांचा बोकडांचा फेरा. तिघांनी एकमेकांशी नाते नसलेले तीन बोकड वेगवेगळ्या ठिकाणांहून आणावेत. दीड वर्षाने पहिल्याचा बोकड दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याचा पहिल्याकडे जावा, आणि आणखी दीड वर्षाने पुन्हा तसेच. प्रत्येक बोकड सुमारे साडेचार वर्षे कामाला येतो, प्रत्येक कळपाला तीन असंबंधित बाप मिळतात आणि खर्च एकाच बोकडाचा होतो. अट एवढीच की प्रत्येक हस्तांतरापूर्वी बोकडाची ब्रुसेलोसिससाठी (गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगासाठी) रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिन्ही गोठ्यांतील लसीकरण एकाच वेळी व्हावे. तोंडी कराराऐवजी साध्या कागदावर लिहून घेतलेला करार शेजारधर्माला अधिक पोषक असतो.

पैदाशीचा बोकड निवडताना काय पाहावे?

आई पाहावी. शक्य असेल तर आईची दोन-तीन वेते पाहावीत. जुळ्यांतील बोकड घ्यावा, दोन्ही वृषण सारखे, घट्ट आणि पूर्ण खाली उतरलेले असावेत, मागचे पाय सरळ आणि खूर काळे व टणक असावेत. पावसाळी भागात पायाचा दोष सर्वांत आधी नडतो. वय दीड वर्षाच्या आसपास असावे. वर्षाच्या आतील बोकडावर कामाचा भार टाकू नये.

एक मुद्दा सहसा सांगितला जात नाही. बोकड शिंगांचा असावा. शेळ्यांत बिनशिंगी असण्याचा गुण वांझ, अर्धवट नर-अर्धवट मादी अशा उभयलिंगी करडांशी जनुकीय पातळीवर जोडलेला आहे. आई आणि बाप दोघेही जन्मतः बिनशिंगी असतील तर अशी करडे निघण्याची शक्यता असते. उस्मानाबादीत बिनशिंगी माद्या पुष्कळ आढळतात, त्यामुळे बोकड शिंगांचा ठेवला की हा धोका टळतो.

बोकड न पाळता कृत्रिम रेतनावर काम भागेल का?

आठ-दहा शेळ्यांच्या कळपाला हा पर्याय आकर्षक आहे. फलटणची निंबकर संस्था आणि उरुळी कांचन येथे सुरू झालेली बायफ ही संस्था या दोघांनी शेळ्यांच्या गोठवलेल्या वीर्यावर काम केले आहे. मात्र माज ओळखणे ही खरी कसोटी आहे. शेळीचा माज एक-दोन दिवसच टिकतो आणि पुन्हा सुमारे एकवीस दिवसांनी येतो. शेपूट हलवणे, सतत ओरडणे, दुसऱ्या शेळीवर चढणे ही लक्षणे दिवसातून दोनदा पाहणारा माणूस गोठ्यावर हवा. शनिवार-रविवारी ऐरोलीहून येणाऱ्या मालकाला ते जमणार नाही. त्याने बोकडच ठेवावा.

विणीचा हंगाम कसा आखावा?

आपल्याकडे शेळ्या वर्षभर माजावर येऊ शकतात, तरी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात माजाचे प्रमाण वाढते. मे अखेर ते जूनमध्ये फळलेली शेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते. पाऊस थांबलेला असतो, रानात पाला असतो आणि करडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत सात महिन्यांची होतात. ठाण्यासाठी हाच सर्वांत सुरक्षित हंगाम आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळलेल्या शेळ्या मार्च-एप्रिलमध्ये वितात आणि त्यांची करडे ऐन पावसात दोन-तीन महिन्यांची असतात. हगवण आणि जंत यांना ती सर्वाधिक बळी पडतात.

दोन वर्षांत तीन वेते हे सूत्र दर आठ महिन्यांचे आहे आणि ऑक्टोबरपासून मोजल्यास त्यातील दुसरे वेत जूनमध्ये येते. माचाण, कोरडी जागा आणि लक्ष देणारा माणूस असेल तरच ते घ्यावे. अन्यथा वर्षाला एक वेत, पण त्यातील सर्व करडे जगलेली, हे उत्पन्न कागदावरच्या तीन वेतांपेक्षा जास्त भरते. फळवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे प्रत्येक शेळीला रोज पाव किलोपर्यंत धान्य किंवा खुराक वाढवून दिल्यास जुळ्यांचे प्रमाण सुधारते. मे महिन्यात हिरवा चारा नसतो, तेव्हा शेवरी आणि सुबाभळीच्या बांधावरील झाडांची खरी किंमत कळते.

बाजाराचा विचार करून जात ठरवावी का?

ठरवावी, पण कोणता बाजार, हे आधी ठरवावे. ठाणे आणि नवी मुंबईत वर्षभराची मागणी खाटिकाची असते आणि त्याला साधारण वीस ते पंचवीस किलो जिवंत वजनाचे, चरबी कमी असलेले जनावर हवे असते. त्यातून निम्म्याच्या आत-बाहेर मांस पडते. आगरी-कोळी समाजातील हळदीचे कार्यक्रम, गावजत्रा, आषाढ अमावास्येपूर्वीचे दिवस आणि वर्षअखेर यांत ती वाढते, श्रावणात कोसळते. या मागणीला उस्मानाबादी आणि तिचे संकर पुरेसे आहेत. रंगाला किंवा कानांच्या लांबीला येथे कोणी पैसे देत नाही.

बकरी ईदचा बाजार वेगळा आहे. तेथे एक वर्ष पूर्ण झालेला, निर्दोष, शिंग न मोडलेला आणि देखणा बोकड लागतो, आणि सोजत किंवा सिरोहीच्या रूपाला खरोखर जास्त किंमत मिळते. ईदची तारीख दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येते, त्यामुळे आज जमलेले विणीचे वेळापत्रक काही वर्षांनी जुळत नाही. आमच्या मते ईदसाठी स्वतंत्र जात पाळण्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वेतातील पाच-सहा उत्तम बोकड राखून ठेवावेत आणि बाकीचे वजनावर विकावेत. विक्री शक्यतो काट्यावरच करावी. नजरेने नग ठरवण्यात अनुभवी व्यापाऱ्याची नजर नेहमीच विक्रेत्यापेक्षा तीक्ष्ण ठरते.

नोंदी किती ठेवाव्यात?

एक वही आणि एक ताणकाटा पुरेसा आहे. आईचा बिल्ला क्रमांक, बापाचा क्रमांक व जात, जन्मतारीख, एकुलते की जुळे, जन्माचे वजन, तीन महिन्यांचे वजन आणि सहा महिन्यांचे वजन, इतके लिहावे. शेळीची पारख तिच्या सर्वांत मोठ्या करडावरून करू नये, तर तिने वर्षभरात तीन महिन्यांपर्यंत वाढवलेल्या सर्व करडांच्या एकूण किलोंवरून करावी. एका शेळीचे एकुलते करडू तेरा किलोचे असेल आणि दुसरीची जुळी साडेनऊ-साडेनऊ किलोंची असतील, तर दुसरीने एकोणीस किलो दिले. तिचीच मुलगी ठेवावी. नोंदी नसल्या की आपण नेमके एकुलते, थोराड करडू निवडतो आणि काही वर्षांत कळपातून जुळी नाहीशी होतात.

जनावरे कोठून आणि किती घ्यावीत?

पैदाशीचे उस्मानाबादी आणि संगमनेरी नर-मादी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर मिळू शकतात. तेथे प्रतीक्षा करावी लागली तरी करावी. आठवडी बाजारात येणारी शेळी बहुधा कोणीतरी कळपातून काढलेली असते आणि काढण्याचे कारण विकणारा सांगत नाही. म्हसा येथील यात्रेत हौसेने फिरावे, पण पैदाशीच्या माद्या गोठ्यावर जाऊन, दूध काढून आणि करडे पाहूनच घ्याव्यात.

पहिल्या वर्षी दहापेक्षा जास्त माद्या घेऊ नयेत आणि त्या पाऊस संपल्यावर घ्याव्यात. नव्या जनावरांना तीन आठवडे वेगळे बांधावे. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगसारख्या विषाणूजन्य रोगाची) लस, आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी आणि जंतनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हे वेळापत्रक जात कोणतीही असली तरी बदलत नाही. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

महानगरपालिका हद्दीत हा कळप पाळता येईल का?

शहरात जनावरे पाळण्यावर परवान्याची बंधने आहेत आणि गृहनिर्माण संस्थेच्या आवारात हा विचारही करू नये. जनावरांची वाहतूक पशुवैद्यकीय प्रमाणपत्रासह आणि कत्तल अधिकृत कत्तलखान्यातच झाली पाहिजे.

शासकीय अनुदानाचा जातीच्या निवडीवर काय परिणाम होतो?

राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत दहा शेळ्या व एक बोकड असा गट मिळतो. त्यात सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींना ७५ टक्के अनुदान असते. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकडांच्या प्रकल्पापासून पुढे भांडवली खर्चावर ५० टक्के अनुदान आहे, परंतु तो आकार या पृष्ठाच्या वाचकांचा नाही. गटात मिळणाऱ्या बोकडाबाबत एक गोष्ट तपासून घ्यावी. दहा शेळ्या आणि बोकड एकाच पुरवठादाराच्या एकाच कळपातून आले असतील तर तो बोकड काही शेळ्यांचा भाऊ किंवा बापही असू शकतो. अशा वेळी गावातील दुसऱ्या लाभार्थ्याशी, ज्याचा गट वेगळ्या पुरवठादाराकडून आला आहे, बोकडाची अदलाबदल करता येईल का, हे स्थानिक पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारून पहिल्या फळवणीच्या आधीच ठरवावे.